लॉनमधला थॅच काढताना: बॅटरीवरचा स्कॅरिफायर कधी, किती खोल आणि कसा चालवावा

वरून लॉन हिरवेगार दिसते, पण पाऊल टाकले की जमीन लचकते. पाणी घातले तर ते मुरत नाही, वरच्या वर पसरून कडेला निघून जाते. खत देऊनही रंग उजळत नाही. गवत कापताना यंत्राची चाके रुततात आणि मध्येच कुठेतरी पाते खाली बसून पिवळट टक्कल पडते. अशा वेळी गवत बाजूला सारून खाली बघा. हिरव्या पात्यांच्या खाली आणि मातीच्या वर तपकिरी, तंतुमय, दाट विणलेला थर दिसला, तर तो थॅच.

हा थर काढण्यासाठी स्कॅरिफायर हे यंत्र आहे आणि आता ते बॅटरीवर चालणारेही मिळते. वायर सांभाळायची कटकट नाही, पेट्रोलचा वास नाही, उचलायलाही हलके. मात्र हे यंत्र गवताला मुद्दाम जखमा करते, हे ध्यानात ठेवूनच ते हातात घ्यावे. काम साधते की बिघडते ते दोन गोष्टींवर ठरते: गवत जोमाने वाढत असताना ते चालवले का, आणि यंत्राची पाती मातीला जेमतेम टेकवली का. बॅटरीची ताकद मर्यादित, आणि गवताची सोसण्याची ताकदही मर्यादित. म्हणून उथळ चालवा आणि गरज पडली तर पुन्हा उथळच चालवा. पुढची सगळी माहिती या एका गोष्टीभोवती आहे.

थॅच साचतो कशामुळे

कापलेले गवत लॉनवर पडून राहिल्याने थॅच होतो, असा समज सर्रास आढळतो. तो बरोबर नाही. कापलेल्या पात्यांत बहुतांश पाणीच असते. ती पाती बारीक असतील तर लवकर कुजतात आणि त्यांतले नत्र जमिनीला परत मिळते. थॅच बनतो गवताच्या चिवट भागांपासून: जमिनीवर सरपटणारी खोडे, काशा (मातीखालून आडवी पसरणारी खोडे), पेरी, जुनी मुळे. या भागांत लिग्निन हे लाकडाला कठीणपणा देणारे द्रव्य जास्त असते आणि ते पचवायला सूक्ष्मजीवांना फार वेळ लागतो. कुजण्याच्या वेगापेक्षा नवे चिवट भाग तयार होण्याचा वेग वाढला की थर चढू लागतो.

हा तोल बहुधा आपल्याच निगेने बिघडतो. नत्राचा मारा केला की गवत भराभर खोडे सोडते. रोज थोडे थोडे पाणी दिले की मुळे खोल जात नाहीत, वरच्या ओलीतच पसरतात. माती दबून घट्ट झाली असेल किंवा जास्त आम्ल असेल तर कुजण्याचे काम मंदावते. कीटकनाशके आणि बुरशीनाशके वारंवार वापरली की गांडुळे कमी होतात, आणि थरात माती कालवण्याचे मोठे काम तीच करत असतात.

गवताची जातही महत्त्वाची. हरळी, म्हणजे बागेच्या भाषेत बर्म्युडा, आणि झॉयसिया, केंटकी ब्लूग्रास, क्रीपिंग रेड फेस्क्यू या पसरणाऱ्या गवतांत थॅच पटकन साचतो. पेरेनियल रायग्रास आणि टॉल फेस्क्यू झुबक्याने वाढतात. त्यांत तो फार कमी होतो. तुमच्या लॉनमध्ये ही झुबक्याची गवते असतील तर यंत्र विकत घेण्याआधी खरोखर थॅच आहे का, याची खात्री करा.

यंत्राआधी मोजपट्टी

लॉनच्या तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी धारदार खुरप्याने ५ ते ८ सेंटिमीटर खोल, पाचरीच्या आकाराचा तुकडा कापून वर काढा. बाजूने पाहिले की थर वेगळे दिसतात: वर हिरवी पाती, मध्ये तपकिरी जाळे, खाली माती. मधल्या थराला मोजपट्टी लावा आणि तुकडा परत जागेवर बसवून पायाने दाबा. सावलीतली, उतारावरची आणि सर्वांत जास्त पाणी मिळणारी जागा वेगवेगळी मोजा, कारण एकाच लॉनमध्ये बराच फरक असतो.

एक सेंटिमीटरपर्यंतचा थर काढूच नका. तो मातीतली ओल धरून ठेवतो, मुळांना उन्हाचा आणि थंडीचा तडाखा थेट बसू देत नाही, पायांचा दाबही थोडा झेलतो. एक ते दीड सेंटिमीटर असेल तर हलके विंचरणे पुरते. दीड ते अडीचच्या मध्ये असेल तर स्कॅरिफायरचे काम आहे.

अडीच सेंटिमीटरच्या वर गेला असेल तर सबुरी हवी. इतक्या जाड थरात गवताची मुळे मातीत नसून थॅचमध्येच वाढलेली असतात. एका दिवसात सगळा थर खरवडला तर गवतही त्याच्यासोबत उपटून येते आणि हाती उघडी माती उरते. असे लॉन दोन हंगामांत विभागून उथळ उथळ मोकळे करावे.

आणखी एक तपासणी करा. ओलसर मातीत लांब पेचकस हाताने दाबून बघा. तो सहज आत जात नसेल तर माती दबलेली आहे. थर पातळ असूनही पाणी मुरत नसेल, तर दोष थॅचचा नसून या घट्ट मातीचा असतो. तिथे स्कॅरिफायरचा उपयोग नाही. मातीच्या गोट्या उपसून भोके पाडणारी पोकळ दातांची अवजारे लागतात.

यंत्र समजून घ्या

यंत्राच्या पोटात एक आडवा रूळ असतो. स्कॅरिफायरच्या रुळावर पोलादी पाती उभी बसवलेली असतात. ती फिरताना थॅच चिरतात आणि वर ओढतात. त्याच यंत्रात बसणारा दुसरा रूळ स्प्रिंगच्या तारांचा असतो. तो मातीत शिरत नाही, फक्त वरवर विंचरतो. बऱ्याच बॅटरी-यंत्रांसोबत हे दोन्ही रूळ येतात आणि ते बदलता येतात. माझ्या मते घरच्या लॉनसाठी दोन्ही रूळ असलेलेच यंत्र घ्यावे, कारण दरवर्षीच्या हलक्या कामाला तारांचा रूळ पुरतो आणि पात्यांचा रूळ खऱ्या गरजेसाठी राहतो.

खोली ठरवायला एक खटका किंवा गोल बटण असते. त्यावरचे आकडे साधारण अधिक ५ मिलिमीटरपासून उणे १० किंवा १२ मिलिमीटरपर्यंत असतात. अधिक म्हणजे पाती चाकांच्या पातळीच्या वर, उणे म्हणजे खाली. इथे एक बाब नीट समजून घ्यायला हवी. हे मोजमाप चाकांपासूनचे असते आणि चाके मातीवर नसतात, ती थॅचवर टेकलेली असतात. त्यामुळे जाड थरावर उणे ६ वर ठेवलेले पाते मातीपर्यंत पोहोचणारही नाही. उलट पहिल्या फेरीत थर पातळ झाला की चाके खाली बसतात आणि त्याच आकड्यावर पाती आधीपेक्षा खोल जातात. पाती झिजली असतील तर हिशोब आणखी बदलतो. म्हणून आकड्यावर विसंबू नका. लॉनच्या कोपऱ्यात चालवून बघा आणि डोळ्यांनी खात्री करा.

आता बॅटरी. तिच्यात किती ऊर्जा मावते ते व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांच्या गुणाकाराने कळते. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या घेणाऱ्या यंत्रात १८० वॉट-अवर ऊर्जा झाली. मोटर सरासरी ६०० वॉट ओढत असेल तर यंत्र १८ मिनिटे चालेल. रुंदी ३५ सेंटिमीटर आणि चाल संथ धरली तर तेवढ्या वेळात कागदावर २५० चौरस मीटरच्या आसपास जागा होते. पण वळणे, एकमेकांवर येणारे पट्टे आणि मध्ये मध्ये थांबणे यांत निम्मी कामगिरी जाते. त्यात दोन दिशांनी चालवायचे असेल तर जागा दुप्पट धरा. १०० चौरस मीटरच्या लॉनला एका चार्जिंगमध्ये दोन्ही फेऱ्या होतील असे समजू नका. दुसरा संच जवळ ठेवा किंवा काम दोन दिवसांत वाटून घ्या.

आणि इथेच खोलीचा प्रश्न पुन्हा येतो. पाती जितकी खोल, तितका मोटरवर भार जास्त आणि बॅटरी तितकी लवकर संपते. एक खोल फेरी मारून काम उरकू पाहणाऱ्याचे लॉनही उखडते आणि बॅटरीही अर्ध्यात थांबते.

योग्य वेळ

थंड हवेतली गवते, म्हणजे रायग्रास, फेस्क्यू, ब्लूग्रास यांना शरद ऋतूची सुरुवात सर्वांत चांगली. माती उबदार असते, हवेत गारवा आलेला असतो आणि तणांचे नवे बी फारसे उगवत नाही. दुसरी संधी वसंताच्या मध्यावर, मातीचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या वर स्थिरावल्यानंतर. वसंतात मोकळ्या झालेल्या मातीत तणही उगवते, म्हणून शरद ऋतूला झुकते माप द्यावे.

हरळी, झॉयसिया यांसारखी उष्ण हवेतली गवते निराळी. ती पूर्ण हिरवी होऊन दोन-तीनदा कापून झाली की मग यंत्र चालवा, उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत. भरून यायला पुढे सहा ते आठ आठवडे जोमाची वाढ शिल्लक असली पाहिजे. ती सुप्तावस्थेत तपकिरी असताना किंवा थंडीच्या तोंडावर खरवडली तर जखमा तशाच उघड्या राहतात.

दुष्काळ, उष्णतेची लाट, दंव, रोग पडलेले लॉन, लावून वर्षही न झालेले लॉन: या स्थितींत यंत्र बाहेर काढू नका. सेंट ऑगस्टीन आणि सेंटिपीड या गवतांना मातीखाली काशा नसतात, फक्त वर पसरणारी खोडे असतात. ती खोडेच चिरली तर नवी फूट कुठून येणार? घरगुती यंत्राची पाती एकमेकांच्या फार जवळ असतात, त्यामुळे या गवतांवर पात्यांचा रूळ नको. तारांचा रूळ, तोही एकाच दिशेने आणि हलका.

दिवस निवडताना वापसा बघा. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये आणि बोटाने टोचताच गोळा फुटावा. गवताची पाती वरून कोरडी हवीत. माती कोरडी ठणठणीत असेल तर एक-दोन दिवस आधी भरपूर पाणी द्या. ओल्या चिखलात यंत्राची पाती थॅच चिरण्याऐवजी गवत मुळासकट ओढतात आणि रूळ तुंबतो. कडक कोरड्या मातीवर ती उड्या मारतात आणि लवकर बोथट होतात.

आदल्या दोन आठवड्यांतली तयारी

शेवाळ असेल तर दहा ते चौदा दिवस आधी फेरस सल्फेट वापरून ते मारून घ्या. काळे पडून वाळले की मगच यंत्र चालवा, नाहीतर जिवंत तुकडे लॉनभर पसरतात. फेरस सल्फेटचे फरशीवर गंजाचे डाग पडतात, म्हणून कडेला सांभाळा. पसरणारे तण असेल तर तेही आधी काढा. त्याचे चिरलेले तुकडे पुन्हा मूळ धरतात. बी उगवू न देणारे तणनाशक मात्र या काळात टाळा. खरवडल्याने त्याचा थर मोडतो आणि नंतर पेरलेले गवताचे बीही ते उगवू देत नाही.

गवत दोन-तीन कापण्यांत टप्प्याटप्प्याने खाली आणा. एकदम उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापू नका. थंड हवेतले गवत साधारण ३ सेंटिमीटर, हरळी २ सेंटिमीटरच्या आसपास. कापलेले गवत या वेळी गोळा करून घ्या. गवत लांब राहिले तर ते रुळाला गुंडाळते आणि बॅटरी त्यातच खर्च होते.

त्यानंतर लॉन पायी फिरून बघा. दगड, काटक्या, खिळे, खेळणी उचला. तुषार सिंचनाची तोंडे, झाकणे, बागेतल्या दिव्यांच्या उथळ तारा यांच्याजवळ काठीला कापड बांधून खुणा करा. गवत कापणारा रोबो वापरत असाल तर त्याच्या सीमेची तार विसरू नका. ती बहुतेकदा जमिनीवरच खिळे मारून बसवलेली असते आणि काही महिन्यांत थॅचमध्ये गडप होते. डोळ्यांना दिसत नाही, पात्यांना सापडते. झाडांची उघडी मुळे असतील तिथे यंत्र नेऊ नका, तिथे हाताने दाताळे वापरा.

बॅटरी आदल्या दिवशी पूर्ण चार्ज करा. यंत्रात बॅटरी नसताना रूळ हाताने फिरवून पाहा: एखादे पाते वाकलेले, तुटलेले किंवा सैल नाही ना. एक पाते जरी गळाले असले तरी यंत्र थरथरते आणि बेअरिंग खराब होतात.

प्रत्यक्ष चालवणे

बंद बूट, लांब पँट, जाड हातमोजे, डोळ्यांना गॉगल आणि कानांना संरक्षण. बारीक खडे वेगाने उडतात, म्हणून मुले आणि पाळीव प्राणी लॉनवर नकोत. खोली बदलताना, रूळ साफ करताना, यंत्र उलटे करताना, प्रत्येक वेळी आधी बॅटरी आणि सुरक्षा चावी काढा. हँडलवरचा दांडा सोडल्यावरही रूळ काही सेकंद फिरत राहतो. तो थांबेपर्यंत हात-पाय जवळ नेऊ नका.

सुरुवात लॉनच्या कमी दिसणाऱ्या कोपऱ्यात करा. पाती सर्वांत वर ठेवून यंत्र सुरू करा, दोन-तीन मीटर चालवा, थांबा आणि खाली वाकून बघा. फक्त वरवरचे थोडे तंतू निघाले असतील तर एक खाच खाली. तपकिरी तंतूंचा पुंजका वर येतो आहे, मातीवर बारीक सरळ रेघा उमटल्या आहेत आणि हिरवे गवत जागेवर आहे, हे दिसले की खोली जमली. पाती मातीत दोन-तीन मिलिमीटरच शिरायला हवीत. पांढरी मुळे लोंबणारे हिरवे झुपके वर येत असतील तर लगेच एक खाच वर घ्या. मोटरचा आवाजही सांगतो: तो खाली बसत असेल, यंत्र कण्हत असेल, तर खोली जास्त आहे किंवा चाल जास्त आहे.

खोली ठरली की सरळ पट्ट्यांत चालवा. सर्वांत लांब बाजूला समांतर पट्टे घेतले तर वळणे कमी लागतात आणि बॅटरी वाचते. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर दोन-तीन सेंटिमीटर यावा, जास्त नाही. एकाच जागी दोनदा खरवडले तर तिथे पट्टा उघडा पडतो. चाल संथ पण न थांबणारी ठेवा. रूळ फिरत असताना एका जागी उभे राहिलात तर काही क्षणांत खड्डा पडतो. थांबायचे असेल तर आधी पाती वर घ्या किंवा दांडा सोडा. पट्ट्याच्या टोकालाही तेच: पाती वर, मग वळण, मग चालता चालता पुन्हा खाली. फिरत्या रुळासह यंत्र जागेवर गर्रकन वळवले तर पाती गवत आडवे फाडतात.

सोबत मिळणारी पिशवी बहुतेक वेळा काढून ठेवलेलीच बरी. जाड थॅच असेल तर ती काही मीटरांत भरते, आणि दर वेळी ती रिकामी करण्यात कामाची लय मोडते. पिशवी काढली की मागची झडप खाली आहे याची खात्री करा, कारण खडे तीच अडवते. कचरा जमिनीवर पडू द्या आणि तीन-चार पट्ट्यांनंतर दाताळ्याने गोळा करा. हलक्या विंचरणीला मात्र पिशवी सोयीची पडते.

पहिली फेरी झाली की कचरा पूर्ण उचला आणि मगच दुसऱ्या फेरीचा निर्णय घ्या. पुन्हा एक पाचर कापून थर मोजा. एक सेंटिमीटरच्या आसपास आला असेल तर इथेच थांबा. अजून जाड असेल आणि गवत धड दिसत असेल तर दुसरी फेरी पहिल्या रेघांना ३० ते ४५ अंशांच्या तिरक्या दिशेने घ्या. काटकोनात चालवले तर गवताचे चौकोनी तुकडे सुटून येण्याची शक्यता वाढते. चाके आता खाली बसलेली असतील, म्हणून तोच आकडा ठेवा किंवा एक खाच वर घ्या. दुसऱ्या फेरीला खोली वाढवण्याचा मोह होतो. मोजल्याशिवाय वाढवू नका.

उतारावर आडवे चालवा, वरखाली नको. तीव्र उतारावर यंत्र नेऊच नका. मध्येच मोटर बंद पडली तर बहुधा अतिभारापासून वाचवणारी सोय चालू झालेली असते. बॅटरी काढा, रुळात गुंडाळलेले तंतू हातमोजे घालून सोडवा, मोटर निवू द्या, पाती एक खाच वर घ्या आणि मग पुन्हा सुरू करा. बॅटरी गरम लागत असेल तर लगेच चार्जरला लावू नका. आधी सावलीत निवू द्या.

त्याच दिवशी आणि पुढचे काही आठवडे

काम संपल्यावर लॉन विद्रूप दिसते, विरळ आणि पिवळसर. घाबरून लगेच भरमसाट खत-पाणी करू नका. उरलेला कचरा दाताळ्याने ओढा आणि शेवटी गवत कापायचे यंत्र पिशवी लावून एकदा फिरवा. सुटे तंतू त्यात येतात.

निघालेला थॅच कंपोस्टमध्ये जाऊ शकतो, पण एकटा घातला तर तो फार काळ तसाच राहतो. स्वयंपाकघरातला ओला कचरा किंवा ताजे कापलेले गवत यांच्यासोबत पातळ थरांत मिसळा. लॉनवर तणनाशक मारले असेल तर हा कचरा कंपोस्टमध्ये घालू नका.

माती दबलेली असेल तर भोके पाडण्याचे काम आता करा. मग चाळलेले कंपोस्ट, किंवा लॉनच्याच मातीच्या पोताशी जुळणारे मिश्रण, ३ मिलिमीटर जाडीने पसरा. एका चौरस मीटरला ३ लिटर, म्हणजे ५० चौरस मीटरला १५० लिटर लागते. गवताची टोके वर दिसत राहिली पाहिजेत. या पातळ थरातून उरलेल्या थॅचला माती आणि सूक्ष्मजीव मिळतात आणि तो आतल्या आत कुजू लागतो. यंत्राने जे काढले नाही ते हा थर हळूहळू संपवतो, त्यामुळे ही पायरी वगळू नये असे मला मनापासून वाटते.

थंड हवेतल्या लॉनला बी टाकण्याची ही वर्षातली उत्तम वेळ, कारण बी थेट मातीतल्या रेघांत बसते. राय आणि फेस्क्यूच्या मिश्रणाला चौरस मीटरला २० ते ३० ग्रॅम पुरते. आधी निम्मे एका दिशेने, उरलेले आडव्या दिशेने टाका आणि दाताळ्याची पाठ हलकी फिरवा. हरळीच्या संकरित जातींना उगवणारे बीच येत नाही. तिथे खोडे पसरूनच जागा भरते. मोठे टक्कल असेल तर त्याच गवताचे तुकडे लावा.

बी टाकले असेल तर उगवेपर्यंत वरची माती सतत ओलसर राहील असे दिवसातून दोन-तीनदा हलके पाणी द्या. रोपे दिसू लागली की पाळ्या कमी करा आणि प्रत्येक पाळीचे पाणी वाढवा. बी टाकले नसेल तर पहिल्याच दिवशी एकदा खोल पाणी पुरे, पुढे माती बघून. खत बेताचे: चौरस मीटरला ३ ते ५ ग्रॅम नत्र. पिशवीवर नत्र १० टक्के लिहिले असेल तर ४० ग्रॅम खतात ४ ग्रॅम नत्र मिळते. त्याहून जास्त दिले तर आज काढलेला थॅच आपणच पुन्हा घडवायला घेतो.

गवत ६-७ सेंटिमीटर वाढले की धारदार पात्याने पहिल्यांदा कापा, तेही फक्त वरचा तिसरा हिस्सा. नवी रोपे तीन-चारदा कापली जाईपर्यंत तणनाशक नको, खेळही नको. थंड हवेतले लॉन साधारण तीन ते पाच आठवड्यांत भरून येते. ऊन आणि ओल नीट मिळालेली हरळी त्याआधीही भरते.

यंत्र ठेवताना

बॅटरी काढा, रूळ बाहेर घ्या, चिकटलेले तंतू आणि माती कडक ब्रशने झाडा. पाण्याची धार मारू नका, मोटर आणि जोडण्या विजेच्या आहेत. पाती कोरडी करून तेलाचा हलका हात फिरवा. पात्यांची टोके गोल झाली असतील तर बदला. काही रुळांची पाती उलटी करून दुसरी धार वापरता येते. बॅटरी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका. साधारण निम्मी भरलेली, कोरड्या आणि थंड जागी, उन्हापासून आणि गोठवणाऱ्या थंडीपासून दूर ठेवा, आणि दर काही महिन्यांनी तपासा.

पुढच्या वर्षी त्याच जागांवर पुन्हा पाचर कापून मोजा. थर सेंटिमीटरच्या आत असेल तर पात्यांचा रूळ तसाच ठेवा. तारांच्या रुळाची एक हलकी फेरी पुरेल. नत्र बेताचे, पाणी क्वचित पण खोल, आणि मातीचा सामू (पीएच) ६ ते ७ च्या दरम्यान राखलेल्या लॉनमध्ये टॉल फेस्क्यूला अनेक वर्षे पात्यांची गरज पडत नाही. जोमाने वाढणाऱ्या हरळीला आणि झॉयसियाला ती वर्षा-दोन वर्षांनी पडू शकते.